न रडण्याचं बक्षीस

आईला जाऊन तीन दिवस झाले, तरी समीक्षाने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. वराळ्याहून आलेल्या झुंबरमावशी तिच्या वडिलांना म्हणाल्या, "आदिनाथभाऊ, जगाच्या पोरान्ला वळण लावलं, आता हिला तेवढं रडवा. मनात ठिवलेलं लय वाईट."

वर्तनतज्ज्ञ आदिनाथरावांनी मान खाली घातली. न रडणाऱ्या मुलाला चिक्कीचा तुकडा, या प्रयोगाने त्यांचं नाव देशभर झालं होतं. प्रयोगातलं पहिलं मूल घरचंच होतं. ते लोणावळ्याच्या बाजारात जाऊन आले आणि चाळिशीच्या लेकीसमोर पुडा धरला.

"रडलीस तर देतो."

"शेंगदाण्याची?"

"काजूची. चूक मोठी होती."

समीक्षाने पुडा हळूच परत केला.

"रडायचं असलं की मी आईकडे जायचे, बाबा. तुम्ही व्याख्यानाला गेल्यावर."