दोन वह्या, एक पाऊस

हेमाचा नवरा मार्तंड परभणी आणि ताडकळस, दोन्ही गावांचा पाऊस मोजून वेगवेगळ्या वह्यांत लिहायचा. रोज डबा घेऊन ताडकळसला जायचा, येताना डबा लख्ख घासून आणायचा. हेमा त्याचं कौतुक गल्लीभर सांगायची.

ब्याण्णव साली ती कॉम्प्युटर शिकली. दोन नोंदी सारख्या की वेगळ्या, हे सांगणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला. हमखास वेगळे निघतील म्हणून चाचणीला नवऱ्याच्या दोन वह्यांतले आकडे भरले.

पडद्यावर आलं, सारखे!

"तुझाच प्रोग्रॅम चुकायलाय," म्हणून मार्तंड मोकळा झाला.

चारदा तपासला, प्रोग्रॅम बरोबरच. शेवटी तिनं वह्याच शेजारी ठेवल्या. पावसाळाभराचा आकडा न् आकडा तोच.

 

"आवं, ताडकळसला तुमी गेलाच न्हाईत. मंग माझा डबा रोज कोण घासून द्यायलंय?"