बायनाबाईचा धूर

हवा तपासायचं यंत्र लिंबागणेशजवळच्या डोंगरवस्तीवर, सिंधुबाईंच्या माळवदावर बसवून महिना झाला होता. शहरातली हवा आणि डोंगरावरची हवा ताडून पाहायची होती. संशोधन करणारी राजनंदिनी रोज त्यांना मोबाइलवर आलेख दाखवी. सकाळी सहाला त्या रेषेला बारीकसा उंचवटा यायचा.

"आजी, हा धूर कुठला?"

"आमच्या बायनाच्या चुलीचा. पोरी, आमच्या काळी सकाळी साऱ्या वस्तीचा धूर एक व्हायचा. ज्या घरावर दिसला न्हाई, तिथं बाया इचारपूस करायला जायच्या. आता ती एकटीच चूल पेटवती."

आज राजनंदिनी खुशीत होती. "आजी, रेषा सपाट. इतकी स्वच्छ हवा पहिल्यांदाच मिळाली."

सिंधुबाई अनवाणीच निघाल्या.

बायनाबाई उंबऱ्यात चहा पीत बसल्या होत्या. "अशी धापा टाकीत कशाला आलीस? मला काय धाड भरलीय? नातवानं काल गॅस जोडून दिला."

सिंधुबाई तिथंच टेकल्या.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण आता रोज सकाळी तू हायेस, हे मला कळावं कसं?"