झटपट उत्तर

"झालंसुद्धा?" दोन्या इनेल्दा खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या.

"झालं," मार्योरी जराशा अभिमानानंच म्हणाली. "नोंद नाही."

मेदेयीन शहरातल्या त्या कार्यालयात बेपत्ता माणसांचा शोध चाले. इस्पितळं, निवारे, बेवारस थडगी, सगळ्यांच्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये. एक नाव टाकलं की संगणक डिस्कवरची भलीमोठी सूची चाळत बसे, आणि तेवढा वेळ दोन्या इनेल्दा आपल्या एडिल्सनबद्दल बोलत राहत. कॉफीच्या तोडणीला म्हणून गेलेला त्यांचा मुलगा परतलाच नव्हता. दर गुरुवारी त्या इस्त्रीचा ब्लाउज घालून, डोंगर उतरून सोन्सोनहून येत; कार्यालयात सगळे त्यांना आदरानं 'दोन्या', म्हणजे 'बाई', म्हणत. त्यांचं ते ताटकळणं मार्योरीला बघवेना. म्हणून तिनं महिनाभर खपून अख्खी सूची संगणकाच्या मेमरीत आणून ठेवली. आता डिस्ककडे धाव घ्यायलाच नको.

"हा मेला माझं ऐकून तरी घेतो का? नाव टाकलं न टाकलं तोच नाही म्हणतो!" दोन्या इनेल्दा संगणकाकडे बघत फणकारल्या.

मार्योरीला हसू आलं. "अहो दोन्या, म्हणून तर आता हवं तितक्यांदा विचारता येईल. आजवर आपण 'एडिल्सन चावेर्रा' हे एकच नाव शोधत आलो. लिहिणाऱ्यानं भलतंच लिहून ठेवलं असेल तर?"

ती भराभर टाकत गेली. एडिसन चावेर्रा. एलिसन चावेर्रा. एडिल्सन एचेवेर्रा. नकारावर नकार. दोन्या इनेल्दा प्रत्येक नकाराला मान हलवत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "त्याला 'र' कुठे म्हणता यायचा? दाढीमिशा आल्या तरी स्वतःला चावेलाच म्हणायचा."

मार्योरीनं 'एडिल्सन चावेला' टाकलं.

एक ओळ उमटली. जन्मतारीख तीच. आईचं नाव: इनेल्दा.

"दोन्या! सापडला!" मार्योरी ओरडली. ओळीच्या शेवटी एक बटण होतं. ते दाबलं की कळणार होतं, तो कुठल्या निवाऱ्यात आहे की कुठल्या मातीत.

तिचं बोट बटणाकडे गेलं. दोन्या इनेल्दांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको, पोरी. आजचा दिवस त्याला हरवलेलाच राहू दे."