दहा खड्डे

काकांची शेळी एकोणिसाव्यांदा कुंपणाच्या आत सापडली, तेव्हा ताईनं वही मिटली आणि राखणदाराला बसायला सांगितलं.

"काही खाल्लं का तिनं?"

"एक पान नाही. मी वेळेवर पोचलो ना." राखणदारानं छाती फुगवली. "काकांचा खोकलाच तसा आहे, पार माझ्या झोपडीपर्यंत येतो. चोरी करायची तर माणसानं खोकला घरी ठेवून यावं."

ताईला हसू आलं नाही. काका तिचे सख्खे चुलते होते आणि टेकडीच्या समितीची ती प्रमुख होती. एकाच घरात चोर आणि शिपाई असले की लोकांची करमणूक होते, शिपायाची होत नाही.

सात वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून दोन नियम केले होते. खाली शेतात विषारी फवारणी नाही, वर टेकडीवर जनावर नाही. ज्याचं जनावर आत शिरेल त्यानं दहा खड्डे खणायचे, दहा रोपं लावायची, मेली तर पुन्हा लावायची. नियम कडू होता, पण लागू पडला. बोडक्या टेकडीवर गवत धरलं. झरा उन्हाळ्यातही ओला राहू लागला. मधमाश्या परतल्या आणि खालच्या वेलांना भोपळे लागायला लागले. गेल्या वर्षी गवतात तित्तरांनी अंडी घातली, तेव्हा ताई कुणाला दिसू नये म्हणून रोपांच्या मांडवामागे जाऊन रडली होती.

आणि आता हे. परवा मेंढपाळांचा म्होरक्या तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या काकांची शेळी आत चालते, मग आमच्या मेंढ्यांनी काय घोडं मारलंय? एकदा त्यांच्या मुसक्या आवळा, नाहीतर फाटक सगळ्यांना उघडा."

त्याचं चुकत नव्हतं. फाटक उघडलं तर तीनशे मेंढ्या सात वर्षं चार दिवसांत चरून टाकतील. ताईनं उद्या दुपारची सभा बोलावली होती. काका असोत की आणखी कोणी, ही टेकडी ती पुन्हा बोडकी होऊ देणार नव्हती.

काकांचा राग कशाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. टेकडीवरचं शेवटचं जंगल ठेकेदारासाठी कापलं गेलं, तेव्हा करवत काकांच्या हातात होती. त्यांना अजून कुणी कुणी पाठीमागे 'करवत्या' म्हणत. श्रमदानाचे गट पाडले तेव्हा त्यांनीही नाव दिलं होतं. लोक म्हणाले, तो हात इथल्या मातीला लागायला नको. ताईलाही तसंच वाटलं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते नाव खोडलं. त्या अपमानाचा सूड काका शेळीकरवी घेतात, एवढाच त्याचा अर्थ होता.

शिक्षा मात्र ते मुकाट्यानं भोगत. त्यांच्या खड्ड्यांतलं एकही रोप आजवर मेलं नव्हतं. याला म्हणतात धाक, असं ताई पाहुण्यांना अभिमानानं सांगायची.

संध्याकाळी ती काकांकडे गेली. ते चुलीपुढे बसून सुतळी वळत होते. खोलीत धूर कोंडला होता. ताईला ठसका लागला आणि तो थांबेचना. काकांनी उठून तिला पाणी दिलं.

"काका, मी शेवटचं सांगायला आलेय. शेळी घरी बांधा, चारा मी पाठवते."

"ती बांधून राहत नाही, बाळ. आपल्या घरातल्या बायकांसारखी आहे."

"मला हसवू नका. उद्याच्या सभेत नियम बदलतोय. खड्ड्यांची शिक्षा बंद. पुन्हा सापडलात तर शेळी समिती घेणार आणि तुम्ही टेकडीवर पाऊल टाकायचं नाही."

काकांचा सुतळी वळणारा हात थांबला.

"खड्डे बंद?"

"बंद."

"आधी लावलेल्या रोपांना पाणी?"

"ते आमचं आम्ही बघू."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "सभा दुपारी ना? म्हणजे सकाळपर्यंत जुनाच नियम."

"काका, ही थट्टा नाही."

"मी कुठं हसतोय?"

घरी परतताना ताईचा संताप आवरेना. म्हातारा तोंडावर सांगतोय, सकाळी पुन्हा येतो म्हणून. ठीक आहे. या वेळी राखणदाराचा शब्द नको, आपण स्वतः पकडायचं आणि सभेत स्वतःच्या तोंडानं सांगायचं. रक्ताचं नातं आड आलं, असं कुणी म्हणायला नको.

उजाडायच्या सुमाराला ती मांडवामागे जाऊन बसली. दव पडून पदर भिजला. थोड्या वेळानं गवतात तित्तर ओरडला, आणि पाठोपाठ पायवाटेनं काका आले. एका हातात शेळीची दोरी, खांद्यावर कुदळ. आज कुंपण तोडायच्याच तयारीनं आलेत तर, ताईला वाटलं. तिनं दातओठ खाल्ले, पण जागची हलली नाही. शेळी आत जाऊ दे, मग उठायचं.

काकांनी कुदळ कुंपणाला टेकवून ठेवली. खिशातून सुतळीचं विणलेलं नवं मुसकं काढलं, शेळीच्या तोंडावर चढवलं, एक पानसुद्धा तोंडात जाणार नाही असं घट्ट बांधलं आणि बोट घालून पुन्हा तपासलं. शेळीला त्यांनी हलकेच आत ढकललं. मग दगडावर बसले, राखणदाराच्या झोपडीकडे तोंड केलं, आणि छाती भरून श्वास घेऊन मोठ्यानं खोकू लागले.