आणखी एक कपाट

मोंटानातल्या आमच्या खेड्यात माझं बंदुकांचं दुकान आहे. युद्धावरून परतलेल्या एखाद्याच्या डोक्यात नको ते विचार घोळायला लागले, की तो आपली बंदूक माझ्याकडे आणून ठेवतो. मी काही विचारत नाही, कपाटाला कुलूप लावते. देताना सगळे एकच सांगतात, "शिकारीचा मोसम आला की नेतो." जो न्यायला येतो, तो वाचला.

कपाट गच्च भरलं. म्हणून माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठी आलेल्या सरकारी निधीतून मी आणखी एका कपाटापुरते पैसे मागितले. समितीचे अध्यक्ष हॉगन स्वतः फौजेतले. भर सभेत म्हणाले, "वर्नाबाई, वाटणी न्यायानंच व्हायला हवी. शहरात माणसं जास्त, दवाखानेही तिथेच. तुमच्या कपाटानं कोण वाचलं, त्यांची नावं द्या."

"नावं दिली, तर उद्या माझ्याकडे येईल कोण?"

"मग आमचा नाइलाज आहे."

सगळा निधी शहराला गेला. मी वाटभर त्यांना शिव्या घालत घरी आले.

पुढच्याच आठवड्यात दुकान बंद करत होते, तर दारात हॉगन. एवढं अंतर तोडून आलेले, खांद्याला लांबट पिशवी. मी टोमणा मारला, "काय साहेब, मोसमाआधीच शिकारीला निघालात?"

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मोसम आला की नेतो, वर्ना. कपाटात एवढी जागा होईल का गं?"