सातवं वळण
मोटारशर्यतींच्या प्रक्षेपणाचे हक्क स्वस्तात पटकावले, तर चॅनेलच्या साहेबांना कोपऱ्यातली केबिन मिळणार होती, मिळाली. करारात त्यांनी स्वतःचं एकच कलम घुसवलं होतं: अपघात झाला, तर चालक जिवंत असल्याचं डॉक्टरांनी कळवेपर्यंत दृश्य पुन्हा दाखवायचं नाही. घरी जेवताना त्याची शेखीही मिरवायचे. आज सातव्या वळणावर त्यांच्याच धाकट्या भावाची गाडी कठड्यावर आदळली. कॅमेरा लगेच प्रेक्षकांकडे वळला, मग ढगांकडे. भावजयीचा फोन आला. "दादा, तुमची माणसं झोपलीत का? ते वळण परत दाखवा ना!" "दाखवतील गं. आधी जाहिराती." जाहिराती संपल्या, पुन्हा ढगच. "आता?" "अजून आहेत." तिसऱ्यांदा साबणाची जाहिरात लागली, तेव्हा तिनं विचारणं थांबवलं. तिलाही ते कलम पाठ होतं. फोन दोघांनीही ठेवला नाही. जाहिरातीचे पैसे साबणवाल्यांनी भरले. बाकीची किंमत तिनं मोजली.