मयूरची फी

खंडेरावनं पेढ्यांचा पुडा देवापुढं ठेवला, दारामागचं अठ्ठ्याण्णव सालचं कॅलेंडर उलटं केलं आणि साठावा चौकोन पेन्सिलीनं काळा केला. मग मागं सरून बघत राहिला. एकही चौकोन पांढरा उरला नव्हता.

"वत्सला, फिटलं गं!"

"हं," वत्सला म्हणाली आणि स्टोव्हवरची भाकरी उलटली.

मयूरच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशनला पतपेढीतून पंचवीस हजार काढले. सहावीतलं पोर दवाखान्यातून परत आलं नाही. कर्ज मात्र घरी आलं आणि ठाण मांडून बसलं. त्याच महिन्यात खंडेरावनं कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीनं साठ चौकोन आखले आणि बायकोला म्हणाला, "आधी हे भरू. रडायचं ते नंतर रडू." मोठा हट्टी माणूस, बोलला तसा वागला. दोन खोल्यांचं घर सोडून या वस्तीत एक खोली घेतली. विडी सुटली, संध्याकाळचा चहा सुटला, अंबडच्या कंपनीत पायी जाणं सुरू झालं. सात तारखेला पगार हातात पडला की सहाशे आधी बाजूला, उरलेल्यात महिना. महिना कसला, वीसच दिवस ते. पुढचे दहा वत्सला कसे काढायची, तिचं तिला ठाऊक. कधी तिला हुंदका आलाच, तर तो नुसतं दारामागं बोट दाखवायचा. किती राहिले बघ. ती बघायची, पदरानं नाक पुसायची आणि पिठाच्या डब्याकडं वळायची.

आज काहीच राहिलं नव्हतं. खंडेरावला वाटलं होतं, आज ती रडेल. त्यालाही रडायचं होतं, खोटं कशाला बोला. येताना वाटेत दोनदा त्यानं स्वतःलाच दटावलं होतं, थांब जरा, घरी तर पोच.

आणि ही आपली भाकऱ्या थापत होती.

"अगं, पेढा तरी घे."

तेवढ्यात शेजारची पुतळाबाई साखरेसाठी वाटी घेऊन दारात आली. मनानं साधी बाई, पण तोंडाला टाळं म्हणून नाही. पेढे दिसताच ती साखर विसरली.

"पेढे कसले हो भाऊ?"

"सुटलो एकदाचा, मावशी!" खंडेरावनं पुडा पुढं केला. "शेवटचे सहाशे आज भरून आलो."

"अगं बाई, म्हणजे मयूरची फी संपली?" पुतळाबाईचा चेहरा फुलला. "दहावी झाला म्हणा की! तरी म्हटलं, निकाल लागलेत, वत्सला काही बोलत कशी नाही. लय सोसलं हो तुम्ही. आमच्या पोरांना मी रोज सांगते, बोर्डिंगातल्या लेकासाठी पोटाला कसा चिमटा काढतात बघा जरा. पण तुम्ही इथं आल्यापासून तोंड पाहिलं नाही हो त्याचं. सुट्टीतसुद्धा आपला नांदगावला मामाकडं. आता तरी येणार ना? कधी येतोय?"

खंडेरावला आधी काही उमगलंच नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं. वत्सला पाठमोरी होती. तव्यावर भाकरी करपत होती, धूर निघत होता, आणि तिचा हात हलत नव्हता. तेव्हा त्याला कळलं. तो हप्ता भरत होता, तेव्हा ही फी भरत होती. हिनं पोराला सातवीत घातलं, आठवीत घातलं, दहावीपर्यंत आणलं. आज शाळा संपली. शाळा संपलेलं पोर घरी यायला हवं.

एका वाक्याचं काम होतं. मावशी, मयूर नाही, तो पाच वर्षांपूर्वीच गेला. वाक्य ओठांपर्यंत आलं. आता भ्यायचं कुणाला? कुणाचं काही देणं नव्हतं.

वत्सला वळली नाही. वाट बघत बसली.

"येतोय कसला, मावशी," खंडेराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पासष्ट टक्के पडले. अकरावीलाही तिकडंच ठेवावं म्हणतो. इथं एका खोलीत अभ्यास कुठं करणार?"

"तेही खरंच. मग पुन्हा फी आलीच की!"

"पोर म्हटलं की आलीच."

पुतळाबाईनं पोरांसाठी आणखी दोन पेढे घेतले आणि साखर न नेताच गेली.

वत्सलानं भाकरी खाली उतरवली. स्टोव्ह बंद केला. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली. खंडेराव तिच्याशेजारी फरशीवर बसला. दारामागं दाखवायला आता काही उरलं नव्हतं. कितीतरी वेळ तो नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

ती जरा शांत झाली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आणखी काय काय सांगितलंयस त्याच्याबद्दल? मला ठाऊक पाहिजे ना. उद्या कुणी मलाच विचारलं तर?"

"मिसरूड फुटलीय म्हणून सांगितलंय." तिनं डोळे पुसले. "कारलं खायला शिकलाय म्हणून."

"कारलं? तो?"

"शिकलाय."

"आणि उंची?"

खंडेराव उठून उभा राहिला. त्यानं आपल्या खांद्याशी तळहात आडवा धरला.

"इथवर?"

वत्सलानं मान वर करून नीट पाहिलं.

"थोडा वर," ती म्हणाली.